न मोजलेली पायरी

आरळगाव, ८ मे १९४५

बाबांस चंद्राचे पत्र.

नेहमीचा मायना लिहिलेला नाही. चार वर्षांत माझ्या एकाही पत्राला तुमचे उत्तर आले नाही, तेव्हा मायन्याचा भार तुमच्यावर नको. हे पत्र कामाचे आहे.

तुम्ही इथल्या वॉटरवर्क्सचे ओव्हरसियर असताना तलावाचे एक कोष्टक केले होते. घाटाच्या कितव्या पायरीला पाणी असले म्हणजे तलावात किती गॅलन उरले, असे. ऑफिसातली प्रत वाळवीने खाल्ली. दप्तर सोडले तेव्हा पुठ्ठा तेवढा शाबूत निघाला. तुमची मूळ वही साताऱ्याला तुमच्याजवळ असेल तर तेवढी पाने पोस्टाने पाठवावीत. उतरवून घेऊन परत करीन.

पानांवाचून काम अडलेले नाही. जानेवारीत मी होडीतून शिसे बांधलेली दोरी सोडून सगळा तलाव मोजला आणि नवे कोष्टक केले. तुमचे फक्त ताळा पाहण्यासाठी हवे आहे.

गेल्या पावसाळ्यात तलाव पाऊणसुद्धा भरला नाही. आज सकाळी तेरावी पायरी उघडी पडली. केरबा फिटर रोज सायकलने तलावावर जातो, राखणदाराकडून पायरी विचारून येतो आणि मी ती मांडते. नळाचे तोंड बाविसाव्या पायरीच्या पातळीला आहे. पाणी त्याखाली गेले की नळात येणार नाही. म्हणजे नऊ पायऱ्या उरल्या. एक पायरी सरासरी आठ दिवस पुरते. यात अठरा हजार माणसांचे माणशी चार गॅलन धरले आहेत आणि उन्हाने उडून जाते तेही धरले आहे. मी कमिटीला लेखी दिले आहे की पाणी २० जुलैपर्यंत पुरेल. वीस वर्षांत तलावात नवे पाणी यायला सर्वांत उशीर झाला तो १९ जुलैला. ही तारीख तुमच्याच पावसाच्या नोंदींतून घेतली.

आटपाडीकडची माणसे गुरे घेऊन कृष्णेच्या काठाकडे निघाली आहेत. रोज चार-पाच गाड्या वेशीवरून जातात. इथे कुणी थांबत नाही. थांबण्याजोगे पाणी इथे नाही हे त्यांना न विचारता कळते.

मला इथे येऊन नऊ महिने झाले. तुमची जागा मी घेतली असे बनुआत्या म्हणते. तुमची जागा रिकामीच आहे. मला केमिस्ट म्हणून नेमले आणि ओव्हरसियरचे काम वर घातले.

पाने रजिस्टर करून पाठवावीत.

चंद्रा


आरळगाव, २७ मे १९४५

बाबांस,

पाने आली नाहीत. आत्याचे कार्ड आले. शेजारच्या मुलीकडून लिहवलेले आहे. ‘दादा तुझं पत्र दोनदा वाचतो. वहीचं विचारलं की चप्पल घालून बाहेर जातो.’ ठीक आहे. वहीबद्दल पुन्हा लिहिणार नाही.

आज पंधरावी उघडी. पाण्याची रोजची घट माझ्या आकड्यांशी बोटाबोटाने जुळते. दिवसाला दीड बोट मी काढले होते आणि मौला राखणदाराचे बोटही तेच सांगते.

मी दिलेली तारीख आप्पासो मगदूम यांना फार आवडली. ते आता पाणी कमिटीचे अध्यक्ष आहेत. त्यांनी चावडीसमोर पाटी रंगवून घेतली, ‘पाणी २० जुलैपर्यंत पुरेल’. अक्षरे हातभर उंच आहेत. मी म्हटले, हा अंदाज आहे. ते म्हणाले, “अंदाज तुमच्यापुरता. लोकांना तारीख लागती.”

बाजारहौदावर रोज वाद होतो. काल मी स्वतः घागरी मोजायला उभी राहिले. रांगेत पुढेच मनुबाई होती. म्हातारी तुमच्या माहितीतली आहे.

“काय गं बाई, तुजं ते ग्यालन म्हंजी किती?”

“अर्धी घागर, आजी.”

“मग तसं सांग की. माज्या घरात आट मान्सं. त्यातलं येक तान्हं. तान्ह्यालाबी चार?”

“तान्ह्यालाही चार.”

“मग बग, म्हैन्याभरात गावात समद्यांच्या घरी तान्ही हुतील!”

रांग हसली. हसणे संपायच्या आत म्हातारी म्हणाली, “जोतिबा ओवरशेरची लेक न्हवं का तू? बापाचं पानी तोडलंस. आता आमचं तोड.”

केरबा मागून कुजबुजला, “म्हातारीचं मनावर घिऊ नगा.” मी घागरी मोजत राहिले. एकशे बारा.

तिने काढलेच आहे तर एकदा सरळ लिहिते. १९४१च्या ३ ऑगस्टला तुम्ही याच हौदाच्या पाण्याची बाटली पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवली. चिठ्ठीवर तारीख तुमच्या अक्षरात होती. हौद तुम्ही ७ तारखेला बंद केला. पटकीने एकोणीस माणसे गेली. मी तिथेच कामाला होते, बाटली माझ्या टेबलावर आली. ती दुसऱ्या कुणाकडे देता आली असती, मी दिली नाही. अहवालात मी लिहिले, ‘संशय आल्यानंतर चार दिवस हौद चालू होता.’ त्या वाक्याने तुमची नोकरी गेली. वाक्य खरे होते. आजही तसेच लिहीन.

पत्राला उत्तर नको असेल तर देऊ नये.

चंद्रा


आरळगाव, १५ जून १९४५

बाबांस,

एकच प्रश्न आहे. तुमच्या कोष्टकात घाटाची सर्वांत वरची पायरी धरली होती की नाही?

पत्राने नको, तारेने कळवावे. ‘धरली’ किंवा ‘नाही’, एवढा एक शब्द पुरे. तार ऑफिसच्या पत्त्यावर न करता माझ्या खोलीच्या पत्त्यावर करावी.

कारण विचारू नये. इथे सर्व ठीक आहे. आज चारही हौदांना नेहमीप्रमाणे पाणी सोडले. हवा कोरडी. पाटी आहे तशीच आहे.

चंद्रा


आरळगाव, १८ जून १९४५

बाबांस,

तुमची तार आली नाही. आली असती तरी उपयोग नव्हता. शुक्रवारी मी तुम्हाला प्रश्न विचारला तेव्हा त्याचे उत्तर मला गुरुवारपासून माहीत होते. आता क्रमाने लिहिते.

गुरुवारी, १४ जूनला, पाण्याला शेवाळाचा वास येतो अशी तक्रार आली. बाटल्या घेऊन मी तलावावर गेले. मौलाचाचा घाटाच्या अगदी वरच्या पायरीवर, पिराच्या कोनाड्यासमोर, दिव्यात तेल घालत होते. मग ते उठले, एक पायरी उतरले आणि तिथून मोजू लागले. “येक, दोन, तीन...”

मी म्हटले, “चाचा, वरची राहिली.”

“ती कशाला मोजायची? ती पिराची हाय. पिराची पायरी मानसाच्या हिशेबात धरत न्हाईत.”

“कधीपासून?”

“माज्या आज्यापासनं. तुमचं बाबाबी तसंच करायचं. पायताण काडून वलांडायचं आन् खालनं धरायचं.”

“जानेवारीत मी तुमच्यासमोर वरून मोजलं. तेव्हा बोलला नाहीत.”

“तुमी शिकल्याल्या. म्हनलं, बाईंचं मोजणं येगळं आसंल.”

केरबाला विचारले. तो माझ्याकडे बघतच राहिला. “आवं बाई, ती कुनी मोजतं व्हय?”

या गावात जन्मलेल्या कुठल्याही माणसाला हे माहीत आहे. मीही इथेच वाढले, पण मुलींना घाटावर जाऊ देत नसत. नंतर सांगली, नंतर पुणे.

चूक अशी आहे. माझे कोष्टक वरच्या पायरीपासून आहे आणि रोजची पायरी येते ती दुसरीपासून. मौलाचाचांची सतरावी ती माझी अठरावी. ८ मे रोजी नऊ पायऱ्या उरल्या असे मी लिहिले, तेव्हा आठच उरल्या होत्या. रोजची घट जुळत होती, म्हणून सुरुवात तपासायचे मला सुचले नाही. घट कुठूनही मोजली तरी जुळणारच, हे शाळेतल्या मुलालाही कळावे. एक पायरी म्हणजे नऊ इंच. आजच्या पातळीला तलाव चार एकर पसरलेला आहे, म्हणजे आठ लाख सतरा हजार गॅलन. आठ दिवस. पाणी २० जुलैपर्यंत नव्हे, १२ जुलैपर्यंत होते.

घाट मी दोनदा उतरून मोजला. शंका राहिली नव्हती. तरी खोलीवर येऊन दुसऱ्या दिवशी तुम्हाला ते पत्र लिहिले. पत्र साताऱ्याला पोचून तार यायला दोन दिवस लागतील, तोपर्यंत कुणाला सांगायला नको, असा तो हिशेब होता. इतका बारीक हिशेब करता येतो हे मला माहीत नव्हते.

शनिवारी मी आप्पासोंकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“मग काय म्हणता, पाटी पुसायची?”

“आजच.”

“बसा. पाणी घ्या.”

“मला नको.”

“घ्या हो. आमच्या घरात अजून आहे.” ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, आठ दिवसांचा तर प्रश्न. पाऊस काय तुमचं कोष्टक वाचून येतो? तारीख अलीकडं आणली तर संध्याकाळच्या आत हौदावर डोकी फुटतील. ज्याच्या घरी पिंप तो पिंप भरून ठेवील, ज्याच्या घरी नाही तो बोंबलत बसंल. गप्प राहा. तुमचे वडील शहाणे होते. आम्ही कमिटीनं त्यांना सांगितलं, श्रावणाचा मोठा बाजार होऊ द्या, मग हौद बंद करा. त्यांनी ऐकलं. आणि पुढं चौकशीत एका शब्दानं कुणाचं नाव घेतलं नाही. त्याला म्हणायचं माणूस.”

हे मला माहीत नव्हते. चार वर्षांपूर्वी माझ्याजवळ बाटली होती, तारखा होत्या. हौद का चालू ठेवला हे तुम्हाला विचारावे असे मला वाटले नाही. अहवालाला त्याची गरज नव्हती.

तरीही हौदाची चावी तुमच्या हातात होती, कमिटीच्या नव्हे. ते दिवस तुमचेच. तसे हे माझे. शनिवारी आप्पासोंच्या घरून मी गप्प खोलीवर आले. हे लिहायचे राहू नये.

रविवारी सकाळी, बाजार भरायच्या वेळी, केरबाला घेऊन चावडीवर गेले. मी फडके भिजवू लागले तर त्याने हात धरला. “पान्यानं पुसू नगा बाई. लोक बगत्यात.” मग विटेच्या तुकड्याने अक्षरे खरवडली. पाऊण तास लागला. तोवर सगळा बाजार भोवती जमला होता. खडूने मी लिहिले, ‘आधीची तारीख चुकली. चूक केमिस्टची आहे. आजपासून माणशी अडीच गॅलन. असे केले तर पाणी २० जुलैपर्यंत.’ ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी मोठ्याने वाचले.

कुणीतरी मागून ओरडले, “चाराचं अडीच! उंद्या पळीनं वाडनार काय?”

दुसरा म्हणाला, “बापानं येकोनीस घालवलं. ही समदं गाव घालवती.”

मनुबाई पुढे आली. तिने पाटी वाचता येत असल्यासारखी नीट पाहिली.

“आट दिसांचं पानी कुटं गेलं मग? कुनी प्यालं?”

“कुणीच नाही, आजी. ते नव्हतंच.”

“नसल्यालं पानी तू आमाला म्हैनाभर दाकिवलंस.”

“हो.”

तिने घागर कमरेवर घेतली आणि गेली.  

गुरुवारीच सांगितले असते तर रोज सत्तावीस हजार गॅलन वाचले असते. तीन दिवसांचे एक्याऐंशी हजार.

चंद्रा


आरळगाव, ३ जुलै १९४५

बाबांस,

पाऊस नाही. सांगलीहून आलेले व्यापारी सांगतात की कृष्णेलाही अजून नवे पाणी आलेले नाही. वारा सतत वाहतो आणि तलाव माझ्या अंदाजापेक्षा थोडा जास्त उडतो. पायरी आता मी रोज स्वतः पाहते. पाणी १९ जुलैपर्यंत आहे. वीस वर्षांत सर्वांत उशिरा पाणी आले त्याच दिवसापर्यंत. पण एकविसाव्या वर्षाने त्यांचे ऐकलेच पाहिजे असे नाही.

शुक्रवारी दुपारी दक्षिण पेठेतल्या लोकांनी हौदाच्या नळाच्या चावीवरचे कुलूप फोडले. चाळीस मिनिटे नळ पूर्ण उघडा होता. निम्मे पाणी रस्त्यावर गेले. केरबा लोखंडी झाकण ओढायला धावला, ते त्याच्या हातावर पडले. दोन बोटे गेली. त्याला भेटायला गेले तर मलाच म्हणाला, “पायऱ्या मोजायला उरल्याली पुरत्यात, बाई.” 

कमिटीने माझी चौकशी लावली आहे. तीन लेखी प्रश्न आले, तीन उत्तरे दिली. प्रत सोबत जोडली आहे.

चूक केव्हा कळली? १४ जून, दुपारी.

जाहीर केव्हा केली? १७ जून, सकाळी.

मधल्या काळात काय केले? काही नाही.

आप्पासोंचे नाव उत्तरांत घातलेले नाही. विचारलेले नव्हते.

आता काम. वीस वर्षांपूर्वी नळ आले तेव्हा तुम्ही गावातल्या अकरा विहिरी दगडी फरश्या टाकून बंद केल्या. त्यांवरून आता रस्ते गेले, ओटे झाले. नकाशा वाळवीने खाल्लेल्या त्याच दप्तरात होता. म्हातारी माणसे सांगतात की त्यांतल्या दोन-तीन गोड्या होत्या, बाकी खाऱ्या. पण कुठल्या, यावर दोघांचे एकमत होत नाही. अकराही उघडायला माणसे नाहीत आणि दिवसही नाहीत. गोड्या कुठल्या आणि त्यांची तोंडे नेमकी कुठे, हे फक्त तुम्हाला सांगता येईल. पत्रात लिहून पाठवले तरी चालेल.

तुम्ही स्वतः आलात तर बरे होईल, असे याआधी एका कागदावर लिहून खोडले. इथे पुन्हा लिहिले आहे आणि खोडलेले नाही. कारण काय द्यायचे ते ठरवता आले नाही. विहिरी हे कारण पुरेसे आहे.

दिलावर टांगेवाल्याला सांगितले आहे की ६ तारखेपासून तीन दिवस सकाळच्या गाडीला भिलवडी स्टेशनावर थांबायचे. मी खुणा सांगू लागले तर म्हणाला, “ओवरशेरसायबास्नी कोन वळकत न्हाई? तुमी जन्मला तवा पेढं मीच वाटल्यात.” चौथ्या दिवशी तो थांबणार नाही. त्याच्या घोड्यालाही पाणी लागते.

चंद्रा


आरळगाव, १५ जुलै १९४५

बनुआत्यास,

शेजारच्या मुलीला म्हणावे, हळू वाच. मजकूर थोडा जास्त आहे.

बाबा ७ तारखेला पोचले. तुम्हाला न सांगता निघाले हे त्यांनी परवा सांगितले. तुम्ही घाबरला असाल. प्रकृती बरी आहे. जेवण दिलावरच्या घरून येते, कारण मला वेळ नसतो. त्याच्या घरच्या मेहरुनबी भाकरीबरोबर रोज ठेचा देतात आणि बाबा तो तुम्ही मनाई केलेली असूनही खातात.

टांग्यातून उतरले ते खोलीवर आले नाहीत. सरळ मनुबाईच्या बोळात गेले. चालत जाऊन एका ओट्याच्या कडेला काठी टेकवली आणि म्हणाले, “इथं.” ओटा तिचाच होता. मला वाटले आता गाव गोळा होईल. म्हातारी दारात आली.

“कोन, जोतिबा? केस गेलं की रं समदं.”

“तुझे दात राहिलेत का, मनुताई?”

“दोन हाईत. तुला चावायला ठिवल्यात.” मग आत तोंड करून ओरडली, “आरं, पहारी आना! ओटा फोडायचाय.”

अशा तीन विहिरी उघडल्या. दोन गोड्या निघाल्या, तिसरी खारी. बाबा तिसऱ्या विहिरीच्या काठावर बराच वेळ उभे होते. मग ती त्यांनी पुन्हा झाकायला लावली. दोन विहिरींवर मोटा लावल्या आहेत. दिवसाला बावीस हजार गॅलन येतात, तेवढा तलावावरचा भार उतरला. पाणी मी रोज तपासते आणि जे निघेल ते त्याच दिवशी पाटीवर लिहिते. दहा तारखेला एका विहिरीचे पाणी वाईट निघाले. मी लिहिले, ‘पिऊ नये’. दोन दिवस शिव्या खाल्ल्या, ब्लीचिंग पावडर टाकली, बाराला पुन्हा चालू केली. तारीख आता २४ जुलैवर गेली आहे. ढग कालपासून पश्चिमेकडे आहेत. मी ते धरत नाही.

पहिले सहा दिवस ते माझ्याशी कामापुरतेच बोलले. मीही. तेरा तारखेला दुपारी ऑफिसात आले, खिशातून माझ्या तीन उत्तरांची प्रत काढली आणि टेबलावर ठेवली.

“हे तिसरं उत्तर खोटं आहे.”

“खोटं कसं? मी खरंच काही केलं नाही.”

“मनात ही गोष्ट ठेवून तीन दिवस माणूस काही करत नाही असं होत नाही. चार वर्षांपूर्वी हा प्रश्न तू मला विचारला नव्हतास.”

“मग आता विचारते. त्या चार दिवसांत तुम्ही काय केलंत?”

ते खुर्चीवर बसले. म्हणाले, “रोज पहाटे जाऊन हौदात लाल औषध टाकत होतो. डबेच्या डबे. वाटायचं, बंद करायची वेळ यायच्या आत पाणी शुद्ध होईल. मग बंद करायला नको आणि कुणाला सांगायलाही नको. सहा तारखेला औषध संपलं. सात तारखेला बंद केला.”

 रसायन मी शिकलेली आहे. तेवढ्या पाण्यात तेवढ्या परमँगनेटने काय होते आणि काय होत नाही हे मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक असणार.

“तू काय केलंस?”

“तोच हिशेब अकरा वेळा केला.”

“कशासाठी?”

“उत्तर बदलेल म्हणून.”

“ते लिही.”

मी उत्तर बदलून दिले. ‘मधल्या काळात तोच हिशेब अकरा वेळा केला, उत्तर बदलेल या आशेने.’ कमिटीने ते वाचले आणि काल निर्णय कळवला. ३१ जुलैनंतर माझी नेमणूक राहणार नाही. तोपर्यंत काम मीच पाहायचे, कारण पाणी तपासणारे दुसरे कुणी नाही. आप्पासो स्वतः कागद घेऊन आले आणि म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका.” मी सही करून कागद घेतला. निर्णय चुकीचा आहे असे मला वाटत नाही. बाबांना वाटते. त्यावरून काल आमचे चांगलेच वाजले. केरबा बांधलेला हात घेऊन दाराबाहेर बसला होता, तो म्हणाला, “आता ठीक झालं. दोगंबी माणसात आला.”

त्यांची दोन धोतरे आणि वाचायचा चष्मा पाठवावा. चष्म्याची उजवी काच ढिली आहे, कापसात गुंडाळावा. इथे ते माझ्या खोलीत झोपतात आणि मी मेहरुनबींकडे.

किती दिवस राहणार हे मी त्यांना विचारलेले नाही. तुम्हीही कार्डात विचारू नका.

चंद्रा